सोलापुरात गणवेशाचा लहान कारखाना : जागेपासून पहिल्या सीझनपर्यंत

शाळेच्या गणवेशाचा धंदा चार-पाच महिने कमावतो आणि बारा महिने खातो. फेब्रुवारी ते जून मशीन थांबत नाही. जुलै ते नोव्हेंबर बहुतेक दिवस तिच्यावर कव्हर असतं. भाडं, विजेचा स्थिर आकार, कटिंग मास्टरचा पगार आणि कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने चालूच. त्यामुळे हा धंदा कुठे मांडायचा हे ठरवताना माल कुठे जास्त खपेल हे नंतर बघायचं. आधी विचारायचं ते हे, की मंदीचे पाच महिने कुठे निभावता येतील? सोलापूरची स्वस्ताई कामाला येते ती इथे.

हिशेब करून पाहा. समजा हजार चौरस फुटांची जागा सोलापुरात महिना १२ हजारांत मिळाली आणि तेवढीच पुण्याच्या आसपास ३२ हजारांत. फरक २० हजारांचा. सीझनमध्ये महिन्याला २,००० शर्ट निघत असतील, तर शर्टामागे १० रुपये. शर्टामागचा नफाच ३०-३५ रुपये असतो, तेव्हा हे १० रुपये मोठेच. पण मंदीच्या पाच महिन्यांत शर्ट निघतच नाहीत आणि तेच २० हजार दर महिन्याला खिशातून जातात. पाच महिन्यांचे झाले एक लाख, म्हणजे १०० रुपये मीटरचं हजार मीटर कापड. दोघांनी एकाच दिवशी धंदा सुरू केला, तर नोव्हेंबरात कापडाचं बुकिंग करायला एकाच्या हातात पैसे असतात आणि दुसरा उधारीवर महाग कापड घेतो.

हा फायदा नवखे लोक स्वतःच्या हाताने घालवतात. भाडं स्वस्त दिसलं की दुप्पट जागा घेतात, जागा मोकळी दिसते म्हणून कर्ज काढून २० मशिनी बसवतात, आणि हप्ता पुण्याच्या भाड्याइतका होऊन बसतो. पुढचा सगळा आराखडा ६ मशिनींचा आहे. पहिल्या वर्षी त्यापलीकडे जाऊ नका.

इथे काय मिळतं, काय मिळत नाही

सोलापूर म्हटलं की चादर आणि टॉवेल. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे गणवेशाचं कापडही इथल्याच मागावर विणलं जात असेल, असं बाहेरच्याला वाटतं. तसं नाही. पँट, स्कर्ट आणि पिनोफॉरचं पॉलिएस्टर-व्हिस्कोस सूटिंग प्रामुख्याने राजस्थानातल्या भिलवाड्याहून येतं. शर्टिंगमध्ये भिलवाड्यासोबत इचलकरंजी आणि भिवंडीचाही माल चालतो. म्हणजे कापडाला वाहतूक खर्च लागणारच, आणि मिलचा एजंट पुण्या-मुंबईत जसा चार वेळा चक्कर मारतो तसा इथे नव्या माणसाकडे येणार नाही. तुम्हालाच व्यापाऱ्याकडे जावं लागेल.

सोलापुरात भरपूर मिळतात ते शिकलेले हात. १८७७ साली इथे पहिली सूतगिरणी-कापड गिरणी सुरू झाली, पुढे यंत्रमाग आले, आणि घरोघरी विडी वळणाऱ्या हजारो बायका या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नगावर मजुरी मोजून घेत आल्या. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांच्या वस्त्यांत, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत आणि आसपास शिलाई येणाऱ्या स्त्रिया आहेत, मशीन मेकॅनिक आहेत, काज-बटण करून देणारे आहेत, सुई-शटल-बॉबिन केस विकणारी दुकानं आहेत. गणवेशाचे जुने कारखानदारही आहेत. ते तुमचे प्रतिस्पर्धी, पण सुरुवातीला तुमचे पहिले गिऱ्हाईकही तेच.

रस्त्यांचं गणित चांगलं आहे. पुणे-हैदराबाद महामार्ग आणि तुळजापूरकडून येऊन विजयपूरला जाणारा महामार्ग इथे मिळतात. पुणे सुमारे २५० किलोमीटर, हैदराबाद ३०० च्या आसपास, विजयपूर आणि कलबुर्गी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या टप्प्यात. तीन राज्यांतल्या शाळा एका दिवसात गाठता येतात. कानडी बोलणारा एक माणूस बरोबर ठेवलात, तर विजयपूर-इंडीकडच्या दुकानदारांशी पहिल्याच भेटीत सूर जुळतो.

पायरी १ : मशीन घेण्याआधी तीन महिने जॉबवर्क

जुलैत सुरुवात करा. या दिवसांत जुन्या कारखान्यांत गर्दी नसते, लोक बोलायला मोकळे असतात. दोन-तीन कारखान्यांकडून कापलेले गठ्ठे शिलाईला घ्या आणि ज्यांच्याकडे मशिनी रिकाम्या आहेत त्यांच्याकडून शिवून घेऊन परत द्या. यात पैसा फारसा सुटत नाही. पण कॉलरचा दर वेगळा का, बाही जोडायला किती घेतात, कोणत्या कारागिराचा माल परत येतो, हे सगळं दुसऱ्याच्या कापडावर शिकता येतं. स्वतःचं कापड बिघडवून शिकण्यापेक्षा हे फार स्वस्त.

या तीन महिन्यांत एक वही ठेवा : शर्टाच्या प्रत्येक कामाला घड्याळ लावून किती मिनिटं लागली. कॉलर तयार करणं, कॉलर जोडणं, खिसा, बटणपट्टी, खांदा, बाही, बाजूची शिलाई, खालची दुमड. मुलांच्या हाफ शर्टाची बेरीज साधारण १८ ते २० मिनिटांवर येते. आता ६ कारागीर आणि ८ तास धरले, तर दिवसाची मिनिटं होतात २,८८०. १९ ने भागलं तर दीडशे शर्ट. नवा माणूस हाच आकडा धरून ऑर्डर घेतो आणि मे महिन्यात तोंडघशी पडतो. धागा तुटणं, बॉबिन बदलणं, गठ्ठ्याची वाट पाहणं, उसवणं, लाईट जाणं यात निम्मा वेळ जातो. जम बसलेल्या कारखान्यातही ७५ ते ८० शर्ट हाच खरा आकडा. पहिल्या महिन्यात ४० निघाले तरी ठीक चाललंय असं समजा. तारखा कबूल करताना हिशेब ६० ने करा.

पायरी २ : जागा, वीज, पाणी

६ मशिनींना ८०० ते १,००० चौरस फूट पुरतात. मशीन, कारागीर आणि बाजूचा गठ्ठा मिळून दर मशीनला २५ ते ३० चौरस फूट. सगळ्यात जास्त जागा कटिंग टेबल खातं : ५८ इंची पन्ह्यासाठी (कापडाच्या रुंदीसाठी) साडेपाच फूट रुंद आणि २४ फूट लांब, भोवती चालायला अडीच फूट. जागा बघायला जाताना टेप घेऊन जा आणि आधी या टेबलाची जागा मोजा. खोली मोठी असून मध्ये खांब आला, तर ती खोली कामाची नाही.

पत्र्याचं शेड सगळ्यात स्वस्त मिळतं आणि तेच घेऊ नये. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी पार करतो, आणि तुमचं निम्मं उत्पादन नेमकं एप्रिल-मेमध्ये होतं. पत्र्याखाली दुपारी माणूस बसू शकत नाही. बसला तर घामाचे डाग पांढऱ्या कापडावर उतरतात. स्लॅबची इमारत, वर आणखी एक मजला असेल तर उत्तम, आणि खिडक्या उत्तरेला. शेडच मिळालं तर वरून उष्णता परतवणारा पांढरा रंग, आतून छत, आणि मे महिन्यात कामाची वेळ सकाळी ७ ते ११, दुपारी ४ ते ८.

विजेचं काम भाडेकरार करण्याआधी तपासा. घरगुती मीटरवर कारखाना चालवला आणि तपासणीत सापडला, तर वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. दुकानाच्या व्यापारी मीटरवर चालवणं बेकायदा वाटत नाही म्हणून अनेक जण तसंच रेटतात. पण शिलाई हे उत्पादन आहे, त्याला औद्योगिक वर्गवारी मागता येते आणि तो दर व्यापारी दरापेक्षा कमी असतो. सर्व्हो मोटरच्या (पाय दाबला तरच फिरणाऱ्या) ५ मशिनी, कडा शिवणारं एक ओव्हरलॉक, दोन इस्त्र्या, पंखे, दिवे मिळून ७ ते ८ किलोवॉटचा थ्री फेज भार पुरतो. अर्थिंग नवं करून घ्या. व्होल्टेज वरखाली झालं की सर्व्हो मोटरचा कंट्रोल बॉक्स पहिला जातो, आणि सीझनमध्ये तो दोन दिवस मिळाला नाही तर एक कारागीर बसून राहतो.

पाण्याकडे कुणी बघत नाही. शहराच्या बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून बोअरचं पाणी वापरलं जातं आणि ते जड असतं. स्टीम इस्त्रीत हे पाणी घातलं की क्षार साचतो आणि एके दिवशी पांढऱ्या शर्टावर तपकिरी ठिपके उडतात. ते सहज निघत नाहीत. इस्त्रीला फिल्टरचं किंवा डिस्टिल्ड पाणीच वापरा. पिण्याचं आणि स्वच्छतागृहाचं पाणी साठवायला किमान हजार लिटरची टाकी हवी. बायका कामाला येणार असतील तर स्वच्छतागृह नीट नसलेली जागा घेऊच नका. चांगल्या कारागीर दुसऱ्याच आठवड्यात सोडून जातात.

भाडेकरार लिव्ह अँड लायसन्सचा आणि नोंदवलेलाच करा. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, नोंदणी फी शहरात १,००० रुपये. करारात दोन ओळी हव्यात : औद्योगिक वीजजोडणीला मालकाची संमती आहे, आणि फेब्रुवारी ते जून या काळात जागा सोडायला सांगता येणार नाही.

पायरी ३ : मशिनी

सर्व्हो मोटरची सिंगल नीडल लॉकस्टिच (साध्या सरळ शिलाईची) ५, पाच धाग्यांचं ओव्हरलॉक १, आठ इंची कटिंग मशीन १, टाकीवाल्या स्टीम इस्त्र्या २. साधी चिनी बनावटीची लॉकस्टिच २० ते ३० हजारांच्या दरम्यान मिळते. जुन्या क्लच मोटरच्या मशिनी निम्म्या किमतीत मिळतात, पण ती मोटर पाय उचलला तरी फिरतच राहते. वीज जास्त खाते, आवाज करते आणि खोली तापवते.

काजाचं मशीन पहिल्या वर्षी घेऊ नका. ते महाग, बिघडलं तर दुरुस्ती महाग, आणि दिवसाला ७०-८० शर्टांनी ते दोन तासही चालत नाही. सोलापुरात काज-बटण नगावर करून मिळतं. स्वस्त शहराचा फायदा फक्त भाड्यात नसतो. जे यंत्र तुम्हाला विकत घ्यावं लागत नाही, तोही त्यातच धरा.

सुया शर्टिंगला ११ नंबर, सूटिंगला १४ किंवा १६. इंचाला १० ते १२ टाके. सुई बोथट झाली की कापडात बारीक भोकं पडतात आणि ती धुतल्यावर दिसतात, म्हणून सुई तुटायची वाट न बघता ठराविक दिवसांनी बदला.

पायरी ४ : कागदपत्रं, आणि त्यांचा क्रम

क्रम चुकला तर पैसे जातात. केंद्राची पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, दोन्हींत अनुदान नव्या युनिटलाच मिळतं. आधी मशिनी घेऊन, बिलं फाडून मग अर्ज केला तर युनिट जुनं ठरतं. सर्वसाधारण गटाला शहरात प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के. स्त्रिया, मागास प्रवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५. स्वतःचा वाटा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. महापालिका हद्दीबाहेरच्या गावात जागा घेतली तर ग्रामीण दर लागतो, हा फरक मोठा आहे. पण कारागीर तिथवर येतील का ते आधी विचारा. अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि युनिट चालू आहे हे पाहून मग कर्जात वळतं. अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चालू वर्षाचं उद्दिष्ट शिल्लक आहे का हे विचारून घ्या.

अनुदानाच्या मागे न लागता मुद्रा कर्ज घेणंही सोपं : किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत, बिनतारण.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि ती पूर्ण मोफत आहे. हजार-दोन हजार मागणाऱ्याला देऊ नका. चार-आठ माणसांच्या कारखान्याला दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की झालं. व्यवसाय कर मालकाचा वर्षाला २,५०० रुपये. कारागिरांच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा तर स्त्रियांना महिना २५,००० पर्यंत तो लागत नाही, हे लक्षात ठेवा. १० माणसं झाली की ईएसआय (कामगार विमा), २० झाली की भविष्य निर्वाह निधी. विजेवर चालणाऱ्या कारखान्याला २० कामगारांपासून कारखान्याचे नियम लागतात.

जीएसटीत सोलापूरकर हमखास चुकतात. मालाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, हे खरं. पण राज्याबाहेर माल विकायचा असेल तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. विजयपूर शंभर किलोमीटरवर असलं तरी ते कर्नाटक. कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठराविक टक्के कर भरणाऱ्या) व्यापाऱ्यालाही परराज्यात माल विकता येत नाही. त्यामुळे कर्नाटक-तेलंगणची गिऱ्हाइकं हवी असतील तर सुरुवातीलाच नेहमीची नोंदणी करा. कापडावर भरलेला कर वळताही करून घेता येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे सगळा गणवेश त्यातच बसतो.

पायरी ५ : कापड

या धंद्यात पैसा कापडात अडकतो आणि बुडतोही कापडातच, म्हणून इथे घाई नको.

बुकिंग नोव्हेंबर-डिसेंबरात. मार्चमध्ये तोच रंग मिळाला तरी शेड जुळत नाही. मरून, नेव्ही आणि बॉटल ग्रीन या रंगांचा प्रत्येक रंगाईचा लॉट थोडा वेगळा येतो. ट्यूबलाईटखाली सारखा दिसतो, उन्हात वेगळा. म्हणून एका शाळेचं सगळं कापड एकाच लॉटचं घ्या, आणि ताके उन्हात एकावर एक ठेवून पाहा.

आकसण्याची परीक्षा प्रत्येक लॉटची करा. कापडावर पेनने ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, कापून धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. ४९ भरला तर २ टक्के आकसलं, चालेल. ४८ च्या खाली गेला तर तो लॉट परत करा, किंवा पॅटर्न तेवढा वाढवा. रंगासाठी ओलं पांढरं फडकं गडद कापडावर जोराने दहा वेळा घासा. फडक्याला रंग लागला तर पहिल्या पावसात मुलीच्या पांढऱ्या ब्लाउजवर पिनोफॉरचा रंग उतरणार आणि तिची आई दुकानात उभी राहणार.

कटिंगचं उदाहरण घेऊ. ५८ इंची पन्ह्यात मधल्या नंबरच्या हाफ शर्टाला सुमारे ८५ सेंटिमीटर कापड लागतं. ८ शर्टांची मांडणी ६.८ मीटर, २४ फुटी टेबलावर बसते. ६० थर टाकले की ४८० शर्ट, म्हणजे आठवड्याचं काम, आणि ४१० मीटरच्या आसपास कापड. प्रत्येक थराच्या टोकाला २ सेंटिमीटर वाया जाणं ठीक. मास्टर सैल असेल आणि ५ सेंटिमीटर जात असेल तर एका कटिंगमागे जवळजवळ दोन शर्टांचं कापड कचऱ्यात. ताका संपून दुसरा सुरू झाला की मध्ये कागद टाका. कापून झाल्यावर प्रत्येक तुकड्याला थराचा नंबर लावा : १७ नंबरची बाही १७ नंबरच्याच पाठीला. या कामाला एक मुलगी अर्धा दिवस लागते आणि मालक नेमकी इथेच बचत करतात. मग कॉलर एका शेडची आणि अंग दुसऱ्या शेडचं असे शर्ट निघतात, ते गणवेश म्हणून खपत नाहीत.

किंमत काढताना समजा : कापड, वाया जाणारं धरून ९० सेंटिमीटर, ११० रुपये मीटरने ९९, बकरम, धागा, बटणं, लेबल, पिशवी १६, शिलाई ३८, कटिंग, काज-बटण, धागेकटिंग, इस्त्री, पॅकिंग १७, भाडं-वीज-मास्टर १५. एकूण १८५. विक्री २२० ला. पहिल्या सीझनला ५,००० शर्ट करायचे तर भाडं-पगार सोडून साडेआठ लाख रोख लागतात, आणि नव्या माणसाला कापडाची उधारी कुणी देत नाही. हे साडेआठ लाख नसतील तर ५,००० करू नका. २,००० शर्ट करा, ते विका, त्याच पैशावर पुढचे कापा.

पायरी ६ : माणसं

शिलाई नगावर, कटिंग मास्टर आणि धागेकटिंगच्या मुली पगारावर. नगाचा दर असला तरी दिवसाची कमाई किमान वेतनाखाली जाता कामा नये. दर शनिवारी हिशेब चुकता करा. विडी कारखान्यात बायकांना आठवड्याचा चोख हिशेब माहीत असतो; पैसे पुढच्या आठवड्यावर ढकलणारा मालक पूर्व भागात एका महिन्यात सगळ्यांना माहीत होतो.

उचल मागितली जातेच. ती द्या, पण दोन आठवड्यांच्या कमाईपेक्षा जास्त नको, आणि वहीत सहीसह. मोठी उचल घेतलेला कारागीर फेडायच्या भाराने नेमका एप्रिलमध्ये दुसरीकडे जातो.

सुट्ट्या कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, श्रावणात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव, रमजान ईद, दसरा-दिवाळी. त्या आठवड्यात डिलिव्हरी कबूल करणं म्हणजे स्वतःहून भांडण ओढवून घेणं. मे महिन्यात लग्नसराई असते. मुहूर्ताच्या दिवशी ६ पैकी २ मशिनी रिकाम्या राहणार, हे गृहीत धरा.

चांगल्या कारागिराला मंदीत घरी बसवलं तर ती पुढच्या सीझनला येत नाही. ६ पैकी ३ जणींना जुलै-नोव्हेंबर थोडं का होईना काम द्या. भाड्यात वाचलेले पैसे खर्च करायची ही पहिली जागा आहे.

पायरी ७ : शाळा, दुकानदार, वसुली

डिसेंबरात नमुने घेऊन फिरा. एकाच शाळेच्या मोठ्या ऑर्डरपेक्षा तालुक्याच्या गावांतले पाच-सहा दुकानदार बरे : पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, इंडी. शाळेचा गणवेश अचानक बदलला तर शिवलेला सगळा माल पडून राहतो, आणि दुकानदाराकडे चार शाळांचा माल चालतो.

सरकारी शाळांच्या मोफत गणवेशावर पहिल्या वर्षाचा संसार मांडू नका. तिथे एका गणवेशामागे ३०० रुपये धरलेले असतात, आणि धोरण वर्षागणिक बदलतं. २०२४-२५ ला राज्याने एकाच रंगाच्या गणवेशाची मध्यवर्ती खरेदी ठरवली, आणि पुढच्या वर्षासाठी खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला. ज्यांनी स्थानिक समित्यांच्या भरवशावर कापड भरलं, त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

सगळे नंबर सारख्याच संख्येने शिवणं ही दुसरी मोठी चूक. २२ पासून ४० पर्यंत प्रत्येक नंबरचे ५०-५० शर्ट केले, तर मधले चार नंबर आठवड्यात संपतात आणि टोकाचे वर्षभर राहतात. शाळेकडून इयत्तावार पटसंख्या घ्या, प्रत्येक इयत्तेतल्या १०-१५ मुलांची मापं घ्या आणि त्यावरून प्रमाण काढा. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठे नंबर मागणी आल्यावरच कापा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धावपळ होणारच, त्यासाठी १० टक्के कापड न कापता ठेवा.

पैशाचं बोलणं नमुना दाखवतानाच करा. नव्या दुकानदाराकडून ३० टक्के आगाऊ, माल उचलताना निम्मे, बाकी १५ जुलैपर्यंत. बिलावर उद्यम नंबर आणि मुदत छापा. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे; उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. लहान गावात लगेच तक्रारीची भाषा केली तर गिऱ्हाईक तुटतं, पण बिलावर छापलेली ओळ न बोलता काम करते. मुदत उलटून गेलेली बाकी ३१ मार्चला उभी असेल तर खरेदीदाराला त्या वर्षी ती आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्याचा सीएसुद्धा तुमच्या बाजूने बोलतो.

परराज्यात ५०,००० रुपयांवरचा माल ई-वे बिलाशिवाय (मालवाहतुकीच्या ऑनलाइन जीएसटी पावतीशिवाय) पाठवू नका. राज्यात ही मर्यादा एक लाखाची आहे.

पायरी ८ : जुलै ते नोव्हेंबर

हॉस्पिटलचे एप्रन आणि ओटीचे कपडे, सुरक्षारक्षकांचे शर्ट, हॉटेलातल्या वेटरचे जाकीट, कारखान्यांचे कामाचे कपडे. या ऑर्डरी लहान असतात, ४०-५० नगांच्या, आणि मोठे कारखानदार त्या घेत नाहीत. भाडं कमी असल्यामुळे तुम्हाला त्या परवडतात. सोलापूर, लातूर, कलबुर्गी इथल्या हॉस्पिटलांकडे पावसाळ्यातच जाऊन या. यात नफा बेताचाच, पण तीन कारागिरांचा शनिवार भागतो आणि मशिनी गंजत नाहीत.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात उरलेला माल मोजा. शाळेचा बिल्ला न लावलेले पांढरे शर्ट ठेवा, ते पुढच्या वर्षीही चालतात. बिल्ला लावलेले आणि रंगीत, दुकानदाराला उत्पादन खर्चाइतक्याच दरात देऊन मोकळे व्हा. उरलेल्या रंगीत कापडाचा पुढच्या लॉटशी शेड जुळणार नाही, म्हणून ते शर्ट-पँटसाठी राखून ठेवण्यात अर्थ नाही. त्याचे बेल्ट, टाय आणि पीटीच्या हाफ पँटी कापून टाका. बंद मशिनींना तेल देऊन, सुया काढून, कव्हर घाला. सोलापुरात धूळ भरपूर आणि उंदीर वायरी कुरतडतात. मग नोव्हेंबरच्या कापडासाठी किती रोकड लागणार तो आकडा लिहून काढा आणि तेवढे पैसे वेगळ्या खात्यात टाका.